बिशपांशी मतभेद झाला तर: पहिले दहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपत आलेली असते आणि आशीर्वादाआधी फादर बिशप हाऊसचं पत्र वाचून दाखवतात. आपलं छोटं धर्मग्राम (पॅरिश) शेजारच्या मोठ्या धर्मग्रामात विलीन होणार, किंवा शाळेमागचं मैदान तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जाणार. मिस्सा सुटल्यावर अंगणात घोळके जमतात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, पुढच्या रविवारी सह्यांची मोहीम सुरू होते, त्यापुढच्या रविवारी काळ्या फिती दिसतात. तोवर कायद्यानं दिलेली मुदत उलटून गेलेली असते, आणि पुढचं सगळं वरातीमागून घोडं.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यात, म्हणजे 1983 च्या कॅनन लॉमध्ये, बिशपांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची रीतसर वाट आहे. तिचं पहिलं दार दहा दिवसांत बंद होतं. आज मी मुख्यतः त्या दाराविषयी बोलणार आहे.

त्याआधी एक निवड करावी लागते. ‘बिशप चुकले’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी असू शकतात. बिशपांची शिकवण पटली नाही, ही एक. त्यांचा कारभारातला निर्णय पटला नाही, ही दुसरी. त्यांनी गुन्हा केला किंवा गुन्हा दडपला, ही तिसरी. तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. एकीचं गाऱ्हाणं दुसरीच्या टेबलावर नेलं की हाती काही लागत नाही.

शिकवणीचं थोडक्यात सांगतो. एकटे बिशप अचूक नसतात, हे कॅनन 753 स्पष्ट सांगतं. पण ते आपल्या धर्मप्रांताचे अधिकृत शिक्षक आहेत, आणि त्यांच्या शिकवणीला मनाचा आदरयुक्त होकार द्यावा, असंही तेच कलम म्हणतं. शिवाय बिशप जे सांगताहेत ते त्यांचं स्वतःचं मत आहे की अख्ख्या ख्रिस्तसभेची शिकवण, हे आधी पाहा. ख्रिस्तसभेचीच शिकवण असेल तर वाद बिशपांशी नाहीच. अशा वेळी अभ्यास करावा, जाणत्या धर्मगुरूंशी बोलावं, प्रार्थना करावी. सह्यांच्या मोहिमेनं शिकवण बदलत नाही. याउलट एखाद्या पत्रकात बिशपांनी पाणीप्रश्नावर किंवा निवडणुकीवर मत मांडलं असेल, तर त्यातल्या तपशिलाबद्दल वेगळं मत ठेवायला प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले श्रद्धावंत, मोकळे आहेत. त्या विषयात तर आपल्यातला इंजिनिअर किंवा वकील कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त जाणत असेल.

आता मत मांडण्याचा अधिकार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात तो मान्य केला आणि कॅनन 212 मध्ये तो कायदा झाला. ज्ञान, पात्रता आणि प्रतिष्ठा यांनुसार ख्रिस्तसभेच्या हिताबद्दलचं मत धर्माधिकाऱ्यांना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि काही वेळा ते कर्तव्यही आहे. ते मत इतर श्रद्धावंतांपुढेही मांडता येतं. अटी दोन-तीनच: श्रद्धा आणि नीती यांना धक्का नको, धर्माधिकाऱ्यांचा मान राखावा, माणसांची प्रतिष्ठा सांभाळावी. याच कलमात आपल्या गरजा, विशेषतः आध्यात्मिक गरजा, कळवण्याची मुभाही आहे. मुंबईच्या एखाद्या धर्मग्रामात मराठी मिस्सा बंद झाली असेल, तर ‘आमच्यावर अन्याय’ असा मथळा देण्यापेक्षा मराठीतून मिस्सा ऐकणारी कुटुंबं किती, त्यांतली वयस्कर माणसं किती, सर्वांत जवळची मराठी मिस्सा किती लांब, हे कागदावर मांडा आणि 212 व 213 या कलमांचा आधार घ्या. असं पत्र बाजूला सारणं कुणालाही जड जातं.

पण निर्णय झालाच असेल, तर मत मांडून भागत नाही. इथं दहा दिवसांचा हिशेब सुरू होतो.

पहिलं काम, डिक्रीची, म्हणजे बिशपांच्या लेखी आदेशाची, प्रत मागणं. मिस्सात वाचलेली सूचना म्हणजे डिक्री नव्हे. कॅनन 51 नुसार डिक्री लेखी हवी, आणि निर्णय असेल तर त्याची कारणं निदान थोडक्यात तरी त्यात हवीत. कॅनन 50 म्हणतं, ज्यांच्या हक्कांना बाधा येऊ शकते त्यांचं म्हणणं बिशपांनी शक्यतो आधी ऐकावं. म्हणून प्रत हातात आली की तीन गोष्टी बघा: तारीख, सही, कारणं. ती तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाली, हे पाकिटावरच लिहून ठेवा.

दुसरं काम, फेरविचाराचा अर्ज. कॅनन 1734 नुसार, वरिष्ठांकडे जाण्याआधी ज्यांनी निर्णय दिला त्यांच्याकडेच तो मागे घेण्याची किंवा बदलण्याची लेखी मागणी करावी लागते. मुदत, निर्णय रीतसर कळल्यापासून दहा दिवस. कळल्याचा दिवस मोजत नाहीत. निर्णय तुम्हाला कळलाच नव्हता, किंवा काही कारणानं हालचाल करणं शक्यच नव्हतं, तर तेवढे दिवसही धरले जात नाहीत. पण या सवलतीवर विसंबू नका, ती सिद्ध करता करता नाकीनऊ येतात. फादरांनी स्वतः निर्णय घेतला असेल तर ही पायरी नाही, थेट बिशपांकडे जाता येतं.

अर्ज एका पानाचा पुरतो. ‘आदरणीय महागुरुस्वामी, आपण अमुक तारखेला काढलेली डिक्री मला अमुक तारखेला मिळाली. कॅनन 1734 नुसार ती मागे घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे. माझ्या हक्कांना तिनं अशी बाधा येते. कारणं पुढीलप्रमाणे.’ मग मुद्दे, पत्ता, तारीख, सही. ‘विनंती’, ‘मागे घ्यावी’ हे शब्द हवेतच. निषेधाच्या पत्रात निषेध भरपूर असतो आणि मागणी कुठेच नसते. रोममध्ये, म्हणजे व्हॅटिकनच्या खात्यांत, त्याला अर्ज मानत नाहीत. पोच घ्या: बिशप हाऊसचा शिक्का असलेली दुसरी प्रत, किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

सही कुणाची, यावर बरेच अर्ज बुडतात. ‘अमुक बचाव समिती’च्या लेटरहेडवर अध्यक्ष आणि सेक्रेटरी सही ठोकतात. ज्या गटाला ख्रिस्तसभेची मान्यता नाही त्याला गट म्हणून दाद मागता येत नाही, असा खुलासा रोमनं 1987 साली केला आहे. त्याच माणसांनी आपापल्या नावानं, एकेकट्यानं किंवा मिळून सही केली आणि प्रत्येकाला खरोखरच झळ बसत असेल, तर अर्ज चालतो. त्या धर्मग्रामात नाव असलेली पाच माणसं बाहेरच्या पाच हजार सह्यांना भारी पडतात.

बिशपांना उत्तरासाठी 30 दिवस असतात. त्यांनी नकार दिला तर नकार कळल्यापासून, आणि गप्प राहिले तर तिसाव्या दिवसापासून, 15 दिवसांत वरिष्ठांकडे जायचं. भारतातले लॅटिन धर्मप्रांत सर्वसाधारणपणे रोममधील सुवार्ताप्रसाराच्या खात्याखाली येतात. पत्त्याचा घोळ वाटला तर कॅनन 1737 ची सोय आहे: अपील बिशपांच्याच हातात द्यायचं, ते ताबडतोब पुढे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. कॅनन लॉ शिकलेला वकील घेण्याचा हक्कही आहे, आणि या टप्प्यावर तो घ्यावाच. रोमनंही नाकारलं तर शेवटचं न्यायपीठ अपोस्टॉलिक सिग्नाचुरा. तिथं मुदत 60 दिवस, मान्यताप्राप्त वकील सक्तीचा, आणि प्रश्न एकच तपासतात: निर्णय देताना किंवा निर्णयात कायदा मोडला का? निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे सिग्नाचुरा बघत नाही.

अमेरिकेतल्या दोन घटनांत हे स्वच्छ दिसतं. क्लीव्हलंडच्या बिशपांनी बरीच धर्मग्रामं बंद केली. लोकांनी मुदतीत अपिलं केली आणि मार्च 2012 मध्ये रोमनं 13 धर्मग्रामांबाबतचे निर्णय रद्द ठरवले. सल्लामसलतीची आणि डिक्रीची ठरलेली पद्धत पाळली गेली नव्हती. बिशपांनी पुढे अपील न करता देवळं उघडायची तयारी केली. बॉस्टनजवळच्या सिच्युएट गावात मात्र लोकांनी ऑक्टोबर 2004 पासून मे 2016 पर्यंत, अकरा वर्षांहून जास्त काळ, देवळात रात्रंदिवस पहारा दिला. त्यांनीही रोममध्ये दाद मागितली, पण ती फेटाळली गेली, आणि अमेरिकी न्यायालयांनी जागा आर्चडायोसीसची ठरवली. त्यांच्या चिकाटीला तोड नाही. पण पहारा हा कायद्यातला मुद्दा नव्हे.

म्हणून मुद्दे शोधताना भावनेपेक्षा कार्यपद्धतीकडे पाहा. धर्मग्राम विलीन करण्याआधी बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचं मत घ्यायलाच हवं. ते मानलंच पाहिजे असं नाही, पण विचारलंच नसेल तर निर्णय अवैध ठरतो. आणखी एक बारकावा, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: धर्मग्राम विलीन करणं आणि देऊळ बंद करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. देऊळ कायमचं बंद करायला कॅनन 1222 नुसार गंभीर कारण लागतं. ‘धर्मप्रांतात देवळं कमी करायची योजना आहे’ हे तसं कारण होत नाही, असं रोमनं 2013 च्या सूचनांत सांगितलं आहे.

अर्ज दिला म्हणून निर्णयाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. फेरविचाराच्या अर्जात स्थगितीची मागणी कॅनन 1734 नुसार धरलेलीच असते, पण ती देणं बहुतेक बाबतीत बिशपांच्या हाती असतं. तरी ती अर्जात स्पष्ट लिहा. दहा दिवसांत बिशपांनी दिली नाही, तर वरिष्ठांकडे तात्पुरती स्थगिती मागता येते. ही पायरी राहिली आणि मैदानावर जेसीबी आला, तर पुढचा विजय फक्त कागदावर उरतो.

मैदानाचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्रापुरतं सांगतो. इथं धर्मग्रामाची मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. कलम 36 नुसार स्थावर विकायला, शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जमीन-इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तीस वर्षांचा पट्टा असेल तर परवानगीचा क्रमांक मागा. तिकडेही लेखी हरकत घेता येते. ख्रिस्तसभेच्या बाजूनं धर्मप्रांताची वित्त समिती आणि सल्लागार मंडळ यांची संमती लागू शकते, रक्कम ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर रोमचीही. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: या समितीची बैठक कधी झाली?

देणगी थांबवावी का, असं लोक हमखास विचारतात. सरसकट थांबवू नये असं माझं मत आहे, कारण त्याचा फटका बिशपांआधी शाळेला आणि दवाखान्याला बसतो. ख्रिस्तसभेच्या गरजा भागवणं हे कॅनन 222 नुसार आपलं कर्तव्यही आहे. पण विशिष्ट कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला वापरावे लागतात, हे कॅनन 1267 सांगतं. देणगीच्या पावतीवर हेतू लिहून घ्या. दिलेल्या पैशांचा हिशेब मागायला कॅनन 1287 चा आधार आहे, आणि धर्मग्रामात वित्त समिती असणं सक्तीचं आहे. ती नसेल तर तीच पहिली तक्रार.

जाहीर बोलण्याबद्दल दोन शब्द. निर्णयावर टीका चालते. बिशपांविरुद्ध द्वेष भडकवणं किंवा अवज्ञेला चिथावणी देणं हा कॅनन 1373 नुसार गुन्हा आहे. बदनामीसाठी देशाचा कायदा, भारतीय न्याय संहितेचं कलम 356, वेगळाच आहे. पुरावा नसलेला फॉरवर्ड ज्यानं पुढे ढकलला तो त्यात अडकतो, मूळ लिहिणारा सापडत नाही. केरळातल्या एर्नाकुलममध्ये मिस्साच्या पद्धतीवरून काय झालं ते आठवा. 2021 मध्ये सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सिनॉडनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, एकच पद्धत ठरवली, विरोध चिघळला, 2022 च्या अखेरीस तिथल्या बॅसिलिकात हाणामारी होऊन तिला कुलूप लागलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांना व्हिडिओवरून विनवावं लागलं. मूळ प्रश्नात दोन्हीकडे सांगण्यासारखं होतं, वेदीपाशी झालेल्या झटापटीत ते सगळं ऐकू येईनासं झालं. कल्याणच्या आणि इतर सिरो-मलबार श्रोत्यांनी लक्षात ठेवावं, त्यांना 1990 ची पौर्वात्य संहिता लागू आहे, तिच्यातली कलमं वेगळी आहेत.

राहिली तिसरी तक्रार, गुन्ह्याची. इथं फेरविचार अर्ज नाही, दहा दिवस नाहीत, आणि आधी बिशपांना भेटून बघू असंही नाही. बालकावर अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते झाल्यावर ख्रिस्तसभेची वाट. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या आणि 2023 मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार, खुद्द बिशपांवर अत्याचाराचा किंवा प्रकरण दडपल्याचा आरोप असेल, तर तक्रार प्रांताच्या, म्हणजे धर्मप्रांतांच्या गटाच्या, आर्चबिशपांकडे, थेट रोमकडे किंवा दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांमार्फत करता येते. वसई, पुणे आणि नाशिकसाठी ते आर्चबिशप मुंबईचे, सिंधुदुर्गसाठी गोव्याचे. तक्रारीत कोण, कुठे, कधी आणि कुणाला माहिती आहे, हे लिहा. तक्रार करणाऱ्याला ‘याबद्दल कुठे बोलू नका’ असं बंधन घालायला त्या नियमांत मनाई आहे. कुणी तसा कागद पुढे केला, तर सही करू नका, त्याची प्रत मात्र मागून घ्या.

नमस्कार.