पदवीआधी एकदा तरी माल विकून बघा

प्राध्यापक मित्रहो आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आज माझी एकच मागणी आहे. कृषी पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने पदवीआधी एकदा तरी उधारीवर भांडवल उचलावं, माल तयार करावा, तो अनोळखी माणसाला विकावा, देणं फेडावं आणि उरलेले पैसे मोजून वही बंद करावी. पीक कसं वाढवायचं हे आपण बऱ्यापैकी शिकवतो. ही वही मात्र शिकवत नाही.

अभ्यासक्रमात याला जागा नाही, असं कुणी म्हणू नये. 2015 पासून ‘स्टुडंट रेडी’ हा विद्यार्थ्यांना गावाचा आणि व्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव देणारा कार्यक्रम आहे. कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीने सातव्या सत्रात रावे, म्हणजे गावात राहून शेतीचं काम शिकणं, आणि आठव्या सत्रात अनुभवाधारित शिक्षण, म्हणजे छोटा व्यवसाय चालवून शिकणं ठेवलं, दोन्हींना वीस-वीस श्रेयांक दिले. म्हणजे पदवीचं अख्खं शेवटचं वर्ष! मग या वर्षात आपण काय करतो? रावेची मुलंमुली, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या, गावात जातात, एक टक्का बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचं प्रात्यक्षिक दाखवतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. समोर बसलेला द्राक्ष बागायतदार ते कित्येक वर्षं करत आलेला असतो. तो कौतुकाने बघतो, कारण मुलं गोड असतात. फोटो निघतो, बातमी छापून येते. त्याच बागायतदाराजवळ बसून त्याच्या एकरी खर्चाचा हिशेब मुलांनी मांडला असता, तर दोघांनाही काही नवीन मिळालं असतं.

आता आठवं सत्र. रोपवाटिकेचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळा धंदा महिनाभरात डोळ्यांसमोर घडतो. दहा हजार टोमॅटो रोपांची मागणी आली. 98 कपांचा ट्रे धरला तर 103 ट्रे लागतात, आणि प्रत्येक बी उगवत नाही म्हणून त्याहून जास्तच भरावे लागतात. संकरित बियाणं महाग, कोकोपीट विकत आणायचं, शेडनेटचं भाडं धरायचं. पंचवीस-तीस दिवसांत रोप लावणीला येतं. इथवर सगळं प्रात्यक्षिकाच्या वहीत असतं.

खरा धडा तिसाव्या दिवशी सुरू होतो. शेतकऱ्याचा फोन येतो, ‘पाऊस नाही, आठवडाभर थांबा.’ रोप थांबत नाही. ते उंच आणि लेचंपेचं होतं, मुळं कपात गुंडाळली जातात. पाणी तोडून त्याला किती दिवस रोखता येईल? दुसरं गिऱ्हाईक आजच्या आज कुठून आणायचं? विसार घेतला होता का? नसेल, तर का नाही घेतला? ओळखीचा माणूस म्हणून? विसार मागायला जीभ रेटत नाही, हे मी प्रथम श्रेणीत आलेल्या मुलांमध्येही पाहिलं आहे. आणि ती रेटायला शिकणं हे कीडनियंत्रणाइतकंच महत्त्वाचं कौशल्य आहे, असं मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

पण बऱ्याच ठिकाणी बियाणं विद्यापीठाचं, पाणी विद्यापीठाचं, मजूर विद्यापीठाचे, आणि रोपं खपतात ती आवारातल्याच विक्री केंद्रावर. नफ्यातला वाटा मुलांना मिळतो, तरतूद चांगलीच आहे. पण ज्या नफ्यात खर्चच पुरता धरलेला नाही, तो नफा कसला? याचं कारण प्राध्यापकांची अनिच्छा हे नाही. सरकारी पैशात तोटा दिसला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून आपण तोट्याची शक्यताच आधी काढून टाकतो. तिच्याबरोबर शिक्षणही निघून जातं.

कोस्टा रिकात ग्वासिमो इथे ‘अर्थ’ (EARTH) नावाचं कृषी विद्यापीठ आहे. 1986 च्या कायद्याने ते स्थापन झालं, 1990 मध्ये पहिली तुकडी आली. तिथे विद्यार्थ्यांचे गट खरीखुरी छोटी कंपनी काढतात, आराखडा मांडतात, विद्यापीठाकडून कर्ज घेतात, माल पिकवून किंवा प्रक्रिया करून विकतात, कर्ज फेडतात आणि कंपनी रीतसर बंद करतात. केळीच्या, दमट हवेच्या मुलखात हे जमतं. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजाराजवळ का जमू नये? वीस किलोचे क्रेट घेऊन मुलं पहाटे लिलावात उभी राहू देत. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात काय उरतं, हे एका हिशेबपट्टीत जेवढं कळतं तेवढं कृषी अर्थशास्त्राच्या एका प्रकरणात कळत नाही.

सह्याद्री फार्म्स ही नाशिकची शेतकऱ्यांची कंपनी उभी करणारे विलास शिंदे राहुरीच्या विद्यापीठातून कृषी अभियंता झाले. सुरुवातीच्या वर्षांत शेतीने त्यांना कर्जात लोटलं होतं. ते त्यातून वर आले, पण सगळेच येत नाहीत. तो पहिला तोटा विद्यापीठातच, लहान रकमेत, मार्गदर्शक शेजारी असताना होऊ द्यावा. आज आपली कितीतरी मुलं पदवीनंतर थेट स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्यांना मी दोष देत नाही. दुसरी वाट चालून बघण्याची संधीच आपण दिलेली नसते. आणि मुलींचा विचार तर जास्तच करायला हवा. घरची जमीन बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. रोपवाटिका, अळिंबी, फळप्रक्रिया यांना थोडी जागा पुरते. हा व्यवसाय एकदा स्वतः करून पाहिलेली मुलगी बँकेत वेगळ्या आवाजात बोलते.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. प्रत्येक महाविद्यालयात एक छोटा फिरता निधी ठेवा. पाच जणांच्या गटाशी लेखी करार करा. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा तोटा निधीने सोसावा, पण वही पूर्ण आणि खरी असेल तरच. गुण नफ्याला देऊ नका, नाहीतर मुलं आकडे रंगवतील. गुण हिशेबाला द्या, आणि भाव पडला तेव्हा गटाने काय निर्णय घेतला, त्याला द्या. आणि तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून आपल्यासारखा आणखी एक प्राध्यापक नको. तालुक्यातला एखादा रोपवाटिकावाला किंवा अडत्या बोलवा, आणि त्याला मानधन प्राध्यापकाइतकंच द्या.