भरतीच्या तालावर पिनाइसारा: इरिओमोते बेटावरील कयाक-सफर

(दृश्य: आकाशातून दिसणारी फुनाउराची खाडी, तिच्यावरून गेलेला भरावाचा रस्ता, मागे हिरवा कडा आणि त्यावर पांढरी रेघ.)

जपानच्या नैऋत्य टोकाला, तैवानपासून सुमारे २०० किलोमीटरवर, याएयामा द्वीपसमूहात इरिओमोते नावाचे बेट आहे. सुमारे २८९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे बेट ओकिनावा प्रांतात मुख्य बेटाखालोखाल मोठे असले, तरी त्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जंगलाने व्यापलेला असल्यामुळे वस्ती अडीच हजारांच्या आसपासच राहिली आहे. येथे विमानतळ नाही. शेजारच्या इशिगाकी बेटावरून बोटीने यावे लागते आणि हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहारा बंदराच्या फेऱ्या वारंवार रद्द होतात.

उएहाराहून निघून फुनाउराच्या खाडीवरील रस्त्यावर आले की दक्षिणेकडच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा दिसू लागतो. हा पिनाइसारा, उंची सुमारे ५५ मीटर, ओकिनावा प्रांतातील सर्वांत उंच. रस्त्यावरून तो इतका स्वच्छ दिसतो की थोडे चालले म्हणजे पोहोचू असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात मध्ये खाडी आहे, चिखल आहे आणि खारफुटीचे घनदाट रान आहे. म्हणून पर्यटकांची नेहमीची वाट पाण्यातून जाते. मारे या लहान नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, पाण्यात सोडायची, ती जेथे हिनाई नदीला मिळते तेथवर जायचे, हिनाईच्या प्रवाहातून वर चढत राहायचे आणि कयाक पुढे जाईनाशी झाली की ती बांधून उरलेले अंतर पायी तोडायचे, असा हा प्रवास आहे.

(दृश्य: काठावर ओळीने ठेवलेल्या कयाक. गाइड भरतीचे कोष्टक दाखवत आहे.)

निघण्याची वेळ पर्यटकांच्या सोयीने ठरत नाही. ती भरतीने ठरते. खाडीचा तळ उथळ असल्यामुळे ओहोटीच्या वेळी तिचा बराच भाग उघडा पडतो आणि तासाभरापूर्वी जेथून सहज जाता आले असते तेथे कयाक चिखलाला टेकते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या दिवसांत ते ना फार चढते ना फार उतरते. त्यामुळे एकाच आठवड्यातील दोन सफरींच्या वेळांत आणि वाटांत फरक पडू शकतो. चांगला गाइड चढत्या पाण्याबरोबर आत शिरतो आणि पाणी पुरेसे असतानाच बाहेर पडतो.

गाइड सोबत घेणे ही येथे हौसेची बाब राहिलेली नाही. २६ जुलै २०२१ रोजी अमामी-ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनावा बेटाचा उत्तर भाग आणि इरिओमोते यांचा मिळून युनेस्कोच्या जागतिक नैसर्गिक वारशात समावेश झाला. पर्यटकांचा ओघ वाढणार हे उघड होते. त्याआधीच, २०२० पासून, बेटाचा कारभार पाहणाऱ्या ताकेतोमी नगर प्रशासनाने निसर्ग-गाइडांसाठी परवाना सक्तीचा केला होता. पुढे मार्च २०२५ पासून हिनाई नदीच्या परिसरात दिवसाला २०० माणसांचीच मर्यादा घालण्यात आली. हा आकडा काहींना जाचक वाटतो. परंतु कयाक लावण्याची जागा, चढाची अरुंद पायवाट आणि कुंडाकाठचे मोजके खडक एकदा पाहिले की २०० हा आकडा कमी नव्हे, उदारच वाटू लागतो.

कयाक चालवण्याचे शिक्षण थोडक्यात आटोपते. जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बांधायचे, पाठ ताठ ठेवायची, वल्हे दोन्ही हातांनी खांद्याएवढ्या अंतरावर धरायचे आणि दंडाऐवजी कमरेतून वळत पाणी मागे लोटायचे. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस लय धरतो, मागचा दिशा सांभाळतो. नाळ, म्हणजे कयाकचे पुढचे टोक, उजवीकडे भरकटली की उजव्या बाजूला वल्हे मारायचे. बाकीचे नदी शिकवते.

(दृश्य: पाण्याच्या पातळीवरून दिसणारी कांदळाची मुळे. वल्ह्यांचा आवाज.)

जपानमध्ये खारफुटीच्या सात जाती नैसर्गिकरीत्या आढळतात आणि त्या सातही इरिओमोतेवर आहेत. त्यांतील काहींचे भाऊबंद मराठी वाचकाला अनोळखी नाहीत: तिवर, कांदळ, चिप्पी यांच्याच कुळांतील झाडे येथे उभी आहेत. खाडीच्या तोंडाशी, जेथे खारे पाणी आणि लाटा यांचा मारा जास्त असतो, तेथे कांदळाच्या गोत्रातील झाडे खोडापासून कमानीसारखी आधारमुळे बाहेर फेकून मऊ चिखलात पाय रोवून उभी असतात. नदीतून आत जावे तसा काठावर दुसऱ्याच एका जातीचा भरणा होतो. तिच्या फुलांचे निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण, लाल असतात आणि मुळे चिखलातून गुडघे वाकवल्याप्रमाणे वर येऊन पुन्हा खाली जातात. मुळांचे हे सारे प्रकार एकाच अडचणीवरचे उपाय आहेत. पाण्याने भिजलेल्या या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळाचा काही भाग हवेत काढून तेथील रंध्रांवाटे श्वास घ्यावा लागतो. भरतीत ही रंध्रे बुडतात, ओहोटीत पुन्हा उघडी पडतात, आणि झाडाचा श्वासही याच फेऱ्याशी बांधलेला राहतो.

दुसरी अडचण मिठाची. कांदळासारखी झाडे बहुतांश मीठ मुळाशीच अडवतात, तर तिवरासारखी ते आत येऊ देऊन पानांवरील ग्रंथींमधून बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी अशा पानावर मिठाचे बारीक कण दिसतात आणि जिभेला जाणवतातही. खारफुटीतील सफरींमध्ये याच ठिकाणी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: झाड आपले सगळे मीठ एखाद्या पानात साठवते, ते पान पिवळे पडून गळते आणि इतर पानांसाठी बलिदान करते. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण संशोधकांनी पानांतील मीठ मोजून पाहिले, तेव्हा पिवळ्या पानांत ते पक्व हिरव्या पानांपेक्षा फारसे जास्त आढळले नाही. पान म्हातारे होते आणि गळते, एवढेच.

अशीच दुसरी गोष्ट बियांची. कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांब, टोकदार कोंब होऊन लोंबत राहते. तो कोंब सुटला की थेट चिखलात रुततो आणि तेथेच झाड उभे राहते, असे सांगतात. ओहोटीच्या वेळी एखादा रुततही असेल. बहुतेक कोंब मात्र पाण्यात पडून वाहून जातात, आडवे तरंगत दिवसच्या दिवस प्रवास करतात आणि योग्य काठ लागला तरच मूळ धरतात. तोच कोंब आपल्या कयाकशेजारून तरंगत जाताना दिसला तर उचलून खिशात घालण्याचा मोह होतो. संरक्षित क्षेत्रात त्याला हात लावायचा नसतो, आणि गाइडला हे सांगावे लागण्यापूर्वीच पाळले तर उत्तम.

कयाकचा खरा लाभ येथे कळतो. ती इतक्या कमी पाण्यात तरंगते आणि इतकी आवाजाविना सरकते की चिखलावरचे जीव आपली कामे सोडत नाहीत. निवट्या नावाचे चिखलावरचे मासे गालफडांत पाणी धरून कोरड्यावर उड्या मारत असतात. फिडलर खेकड्यांचे नर आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत माद्यांना बोलावतात आणि प्रतिस्पर्ध्याला दटावतात. वल्ह्याची सावली पडली की सगळे क्षणात बिळांत, आणि मिनिटभर थांबले की पुन्हा बाहेर. काठावरच्या उंच फांदीवर तुरेवाला सर्पगरुड बसलेला दिसण्याची शक्यताही कमी नाही. मोटारबोटींची गोष्ट वेगळी आहे. याच बेटाच्या पूर्वेकडील नाकामा नदीत, जेथे जपानमधील सर्वांत मोठे खारफुटीवन आहे, बोटींच्या लाटांनी काठ खचून झाडे उन्मळत असल्याचे लक्षात आल्यावर वेग आवरण्याचे ठरवावे लागले. हिनाईत वल्ह्यांवरच भागते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

(दृश्य: नदी अरुंद होत जाते. दोन्ही काठांच्या फांद्या माथ्यावर एकमेकींना भिडतात.)

एवढे जंगल विसाव्या शतकातून वाचले कसे, असा प्रश्न पडतो. जपानी सरकारने राखले म्हणून, हे अर्धेच उत्तर आहे. राष्ट्रीय उद्यान १९७२ मध्ये झाले. त्याआधी शतकानुशतके बेटाला मलेरियाने ग्रासले होते आणि त्या भीतीने आतल्या भागात वस्ती टिकली नाही. १९३० च्या दशकात उराउची नदीजवळ उतारा येथे कोळशाची खाण चालली, तेथील कामगारांनी मलेरिया आणि मारहाण दोन्ही सोसले, आणि आज त्या खाणीच्या विटांच्या खांबांना अंजिराच्या कुळातील झाडांच्या मुळांनी वेढले आहे. डासांवर नियंत्रण येऊन मलेरिया हटला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी. म्हणजे पर्यटक आज ज्या गर्द रानाचे कौतुक करतात त्यात रोगाचाही वाटा आहे.

वर जावे तसे पाण्यातील खारेपणा उतरतो आणि काठाची झाडे बदलतात. येथे निवर दिसतो. कोकणातील ओढ्यांकाठी वाढणारे हेच झाड येथे जून अखेरीपासून जुलैपर्यंत फुलते; लांब माळांना लागलेली, झुबकेदार केसरांची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळून पाण्यावर पसरतात. त्या दिवसांत काही सफरी अंधारातच निघतात. सकाळी नऊ वाजता येणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाण्यावरची फुले येतात.

कयाक जेथे थांबते तेथे त्या एकमेकींना आणि झाडांना बांधून ठेवतात, कारण मागे पाणी चढले तर मोकळी कयाक स्वतःच परत निघते. पुढची पायवाट पंधरा-वीस मिनिटांची आहे, पण सपाट नाही. ओल्या मुळांवर, शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो. वाटेत सुंदरबनातल्या सुंदरीच्या कुळातील एक झाड आहे, ज्याची पातळ फळ्यांसारखी मुळे माणसाच्या कमरेएवढी उंच उठून जमिनीवर नागमोडी पसरलेली आहेत. सगळे तेथे छायाचित्रांसाठी थांबतात. मुळांवर चढू नये, एवढे पथ्य असते. गाइडचे लक्ष मात्र वाटेच्या कडेकडे असते, कारण या बेटावर हाबू जातीचे विषारी साप आहेत. नदीचे पाणी तोंडात जाऊ देऊ नका, असेही तो बजावतो. याएयामातील नद्यांमधून लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची लागण झाल्याची उदाहरणे आहेत आणि जखम उघडी असेल तर धोका अधिक.

(दृश्य: झाडी संपते. धबधब्याचा पायथा, तुषार, काळे खडक.)

पिनाइसाराच्या पायथ्याशी उभे राहिले की रस्त्यावरून दिसलेल्या त्या रेघेचे वजन कळते. कडा मायोसीन काळातील, म्हणजे काही कोटी ते काही लाख वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचा आहे. या खडकाचे टणक थर सावकाश झिजतात, खालचे मऊ थर लवकर, आणि त्यामुळे कड्याची धार शाबूत राहून पाणी सरळ तुटून पडते. कोरड्या दिवसांत ते वाऱ्याबरोबर हलते आणि कुंडात पोहोचेपर्यंत त्याचे तुषार होतात; मोठ्या पावसानंतर त्याचा असा लोंढा होतो की जवळ जाता येत नाही. पात्र लहान आणि डोंगर तीव्र उताराचे असल्यामुळे नदी अचानक फुगते. वर पाऊस पडत आहे आणि खाली ऊन आहे, अशी स्थिती येथे विशेष नाही. पाणी गढूळ होऊ लागले किंवा पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, तर गाइड कोणाचे पोहणे अर्धवट राहिले हे न पाहता सर्वांना बाहेर काढतो.

ज्यांचे पाय चालतात त्यांना माथ्यावरही नेतात. तासाभराच्या चढानंतर नदी कड्यावरून जेथे उडी घेते तेथे आपण पोहोचतो आणि आलेला सगळा मार्ग एका नजरेत येतो: खारफुटीतून वळणे घेत गेलेली हिनाई, खाडी, तिच्यावरचा रस्ता, पलीकडे प्रवाळाची कड आणि हातोमा बेट. या हिरव्या पसाऱ्यात कोठेतरी इरिओमोतेचे मांजर राहते. बिबट मांजराचा हा उपप्रकार १९६७ मध्ये शास्त्रीय वर्णनासह जगापुढे आला आणि जंगलात त्याची संख्या सुमारे शंभर असल्याचा अंदाज आहे. दिवसाच्या सफरीत ते दिसत नाही, आणि जो गाइड ते दाखवण्याचे वचन देईल त्याच्यापासून सावध राहावे. त्याला खरा धोका जंगलापेक्षा रस्त्यावर आहे. म्हणून बेटावर गाड्यांना वेग कमी ठेवण्याच्या सूचना देणारे पिवळे फलक जागोजागी आहेत आणि प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा केल्या आहेत.

परतीचे गणित पुन्हा पाण्याचे असते. ओहोटी सुरू झाली की प्रवाह समुद्राकडे ओढतो आणि वल्हे मारण्याचे श्रम निम्मे होतात, पण त्याच वेळी पात्र दर काही मिनिटांनी अरुंद होत जाते. जास्त उशीर झाला तर उथळ जागी उतरून कयाक ओढावी लागते, आणि ओढणारी पावले पडतात ती नेमकी त्या चिखलावर, जेथे खेकड्यांची बिळे आणि नुकतेच मूळ धरलेले कोंब असतात. म्हणून कुंडाकाठी सगळे आरामात बसलेले असतानाही गाइड घड्याळाकडे पाहून उठतो, माणसे मोजतो आणि कयाककडे निघण्यास सांगतो.