954 तास

(दृश्य : पहाट. वृद्धांच्या शुश्रूषागृहातला लांब बोळ. गणवेशातली एक विद्यार्थिनी पलंगाशी उभी आहे, तिची बोटं आजोबांच्या मनगटावर.)

ती नाडी बघतेय, असं आजोबांना वाटतंय. नाडी तर मघाशीच मोजून झाली. आता ती श्वास मोजतेय. हात मात्र मनगटावरून काढलेला नाही, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते. अंगवळणी पडायला अशा कितीतरी पहाटा लागतात.

किती, ते कॅलिफोर्नियाच्या नियमात लिहिलेलं आहे. इथे व्होकेशनल नर्स, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या खालच्या पायरीची नर्स, व्हायचं तर किमान 1,530 तासांचं शिक्षण हवं. त्यातले 576 तास वर्गातले. बाकीचे 954 तास प्रत्यक्ष सरावाचे, बहुतेक रुग्णाजवळचे. त्यांना इथे सगळे नुसतं 'क्लिनिकल' म्हणतात. म्हणजे दर शंभर तासांतले बासष्ट तास सरावाचे, आणि त्यातले बहुतेक कॉलेजच्या भिंतींबाहेर जातात, दुसऱ्या कुणाच्या तरी वॉर्डात.

हा आकडा लक्षात ठेवा. या कोर्सचं पुढे काय करायचं, हा सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

(दृश्य : कम्युनिटी कॉलेज, म्हणजे कमी फीचं सरकारी कॉलेज. तिथली बैठकीची खोली. टेबलावर वेळापत्रकं, निकालाचे तक्ते.)

अमेरिकेत बहुतेक राज्यांत या नर्सला 'प्रॅक्टिकल नर्स', म्हणजे एलपीएन म्हणतात. 'व्होकेशनल नर्स', एलव्हीएन, हे नाव कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधलं. परवान्याची परीक्षा मात्र सगळीकडे एकच, एनक्लेक्स-पीएन. कॅलिफोर्नियात या पेशाचा कायदा 1951 मध्ये झाला. औषधं देणं, इन्सुलिन टोचणं, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटरची काळजी, ही तिची कामं. डॉक्टर किंवा रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, यांच्या सूचनेनुसार करायची.

नियोजनाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मोठी इस्पितळं आता बहुतेक आरएनच घेतात. मग एलव्हीएनचा कोर्स चालू ठेवायचा कशाला? त्या जागा, ती प्रयोगशाळा, ते शिक्षक आरएनच्या कोर्सकडे वळवले तर?

आम्हाला हा विचार चुकीचा वाटतो, आणि तो का चुकीचा ते इस्पितळाच्या दारात उभं राहून कळत नाही. त्यासाठी मघाच्या त्या बोळात परत जावं लागतं.

(दृश्य : औषधांची ढकलगाडी एका खोलीतून दुसऱ्या खोलीकडे जाते.)

अशा शुश्रूषागृहाला इथे नर्सिंग होम म्हणतात. आपल्या बोलण्यात नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी इस्पितळ. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना आता घरी सांभाळणं शक्य नाही, अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांचं हे राहण्याचं ठिकाण. इथे ही गाडी बहुतेक वेळा एलव्हीएनच्या हातात असते. कुणाची गोळी कुटून द्यायची, कुणाला ती गिळवत नाही, कोण कालपेक्षा आज गप्प आहे, हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात येतं. 1946 ते 1964 या काळात जन्मलेली अमेरिकेतली मोठी पिढी 2030 पर्यंत सगळीच्या सगळी पासष्टीच्या पुढे गेलेली असेल. गाड्या वाढणार आहेत. त्या ढकलणारे हात कुठून आणायचे?

कोर्सकडे येणारी माणसंही पाहा. कुणी आठ-दहा वर्षं नर्सिंग असिस्टंट म्हणून रुग्णांना आंघोळ घातलेली, कुणी मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा वही उघडलेली. चार वर्षांच्या पदवीला लागणारा वेळ आणि पैसा यांच्याकडे नाही. पूर्ण वेळ शिकलं तर हा कोर्स साधारण वर्ष-दीड वर्षाचा. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला (अभ्यास मोजायचं माप) 46 डॉलर, म्हणजे 50 युनिटच्या कोर्सचे 2,300. पुस्तकं, गणवेश, लसी, परीक्षेची फी हे वेगळं. तरीही खासगी संस्थांच्या फीपुढे ही रक्कम फारच लहान आहे. हे दार बंद केलं तर या बायका आरएनच्या रांगेत जाऊन उभ्या राहतील असं नाही. बऱ्याच जणी घरी परत जातील.

(दृश्य : प्रयोगशाळा. पलंगावर पुतळा, त्याची छाती यंत्रानं वरखाली होतेय.)

मग जागा दुप्पट करा, असं म्हणणं सोपं आहे. वर्गात खुर्च्या वाढवता येतात. वॉर्डात पलंग वाढवता येत नाहीत. क्लिनिकलला एका शिक्षकामागे पंधरापेक्षा जास्त विद्यार्थी चालत नाहीत, आणि कित्येक वॉर्ड तेवढेही घेत नाहीत. सगळ्यांत अवघड पडतात प्रसूती आणि बालरोग. कॅलिफोर्नियात गेल्या काही वर्षांत अनेक इस्पितळांनी प्रसूती विभाग बंद केले. जे उरले, त्यांच्या दारात परिसरातली सगळी कॉलेजं उभी. तिथेही आरएनच्या विद्यार्थ्यांना आधी बोलावणं येतं.

पुतळ्यावर सराव करा, असंही सांगतात. पुतळा खरोखर उपयोगाचा आहे. त्याच्यावर चूक झाली तर कुणाला इजा होत नाही. पण त्याचा श्वास मोजताना हात मनगटावर ठेवावा लागत नाही. कुणी बघतंय म्हणून तो श्वास बदलत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की नियोजन उलट्या टोकानं करावं. आधी वॉर्ड, मग खुर्च्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या पाळीत, किती पलंग मिळतील, हे संस्थांशी लेखी ठरवायचं आणि त्यावरून प्रवेशाचा आकडा काढायचा. संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या पाळ्या मोकळ्या असू शकतात. नोकरी करून शिकणाऱ्यांनाही त्याच सोयीच्या. वर्गातली संख्या वाढवायला राज्याच्या व्होकेशनल नर्सिंग बोर्डाची आधी मंजुरी लागतेच. हातात करार असेल तर तिथे बोलायला काही असतं.

दुसरी अडचण शिक्षकांची. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आरएनचा सरासरी वार्षिक पगार 1,37,000 डॉलरच्या वर होता. तो सोडून शिकवायला कोण येणार? यावर एक वाट आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. अनुभव आणि शिक्षणाच्या अटी पूर्ण केल्या तर एलव्हीएनलाही या कोर्सला शिकवता येतं. आजच्या वर्गातून दहा वर्षांनंतरचे शिक्षक निवडायला आजच सुरुवात करायला हवी.

निकालाचंही दडपण असतं. पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांचा निकाल राज्याच्या सरासरीपेक्षा 10 टक्के अंकांहून जास्त खाली गेला, म्हणजे सरासरी 80 टक्के असताना 70 च्या खाली गेला, तर कोर्सची मान्यता अडचणीत येते. मग मोह होतो, आधीच हुशार असलेल्यांनाच घ्यावं. हे ऐकलं की आम्हाला वाईट वाटतं. पहिल्या सत्रात शरीरशास्त्रात अडखळलेली मुलगी दुसऱ्या सत्रात औषधांचे डोस अचूक काढू शकते, तिच्याजवळ कुणी तासभर बसलं तर. तो तास वेळापत्रकातच धरायला हवा, कुणाच्या भलेपणावर सोडायला नको.

आणि पुढची वाट. एलव्हीएन होऊन आरएनकडे जाणाऱ्यांना शिकलेलंच पुन्हा शिकायला लागू नये. कॅलिफोर्नियात 30 युनिटचा एक जवळचा मार्ग आहे. त्यानं आरएनच्या परीक्षेला बसता येतं, पण पदवी मिळत नाही आणि दुसऱ्या राज्यात तो परवाना चालेलच असं नाही. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं.

(दृश्य : पुन्हा शुश्रूषागृह. आता पुरतं उजाडलंय.)

विद्यार्थिनीनं आकडा लिहून घेतला. मिनिटाला अठरा. आजोबा विचारतात, उद्या येणार ना? या गटाचा इथला हा शेवटचा आठवडा. पुढचा टप्पा बालरोग विभागाचा, आणि तिथली जागा अजून पक्की झालेली नाही. बोळाच्या टोकाला, खिडकीपाशी, तिच्या शिक्षिका कानाला फोन लावून उभ्या आहेत.