आवाज आणि वेगाची फारकत: छोट्या रुळांवरचं हायब्रीड इंजिन

मंडळी, आज मॉडेल रेल्वेच्या छोट्या रुळांवर हायब्रीड शंटिंग इंजिन कसं खरं वाटेल ते बघू, पण आधी खऱ्या इंजिनाविषयी. परभणी किंवा पूर्णेच्या स्टेशनाजवळ राहिलेल्यांना शंटिंगचं डिझेल इंजिन ओळखायला शिकवावं लागत नाही. चार डबे या रुळावरून त्या रुळावर टाकायचे आणि मग पुढच्या सिग्नलची वाट बघत उभं राहायचं. उभं असतानाही घुरघुर चालूच, कारण मोठं डिझेल इंजिन घडोघडी बंद-चालू करणं सोपं नसतं. आपल्याकडचं डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंग इंजिन साधारण १४०० अश्वशक्तीचं. ती सगळी ताकद लागते भरलेली रांग जागची हलवतानाचे काही क्षण. बाकी वेळ डिझेल नुसतं जळत राहतं.

कॅनडातल्या रेलपॉवर कंपनीने यावर ‘ग्रीन गोट’ नावाचं हायब्रीड, म्हणजे डिझेल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारं, इंजिन काढलं. जुन्या इंजिनाच्या सांगाड्यावर लेड-ॲसिड बॅटऱ्यांची रास आणि सोबत जेमतेम ३०० अश्वशक्तीचा डिझेल जनरेटर. जनरेटर ठरावीक गतीने चालून बॅटऱ्या भरतो. जोर लागेल तेव्हा बॅटऱ्या २००० अश्वशक्तीपर्यंत देतात. बॅटऱ्यांचं ओझंही इथे कामाचं, कारण वजन असलं की चाकं घसरत नाहीत. पुढे काही इंजिनांच्या बॅटऱ्यांना आगी लागल्या आणि ती मागे घ्यावी लागली, तरी कल्पना टिकली. २०२० साली जबलपूरला ओव्हरहेड तार आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारं ‘नवदूत’ शंटिंगसाठी तयार झालं.

आता मॉडेलकडे वळू. माझं ठाम मत आहे की हिरवा रंग आणि बाजूला ‘हायब्रीड’ अशी अक्षरं एवढ्याने काम होत नाही. हायब्रीडपण दिसतं ते चालण्यात. साध्या डिझेलमध्ये वेग वाढला की आवाज चढतो. हायब्रीडमध्ये या दोघांचा संबंध तुटलेला असतो. इंजिन डबे ढकलत निघतं तेव्हा ऐकू येतो तो फक्त चाकांचा आणि मोटारींचा आवाज. आणि ते कोपऱ्यात निवांत उभं असताना जनरेटर सुरू होतो.

म्हणून साउंड डीकोडर, म्हणजे मॉडेलच्या पोटातली आवाज काढणारी चिप, घेतलात, तर आवाज वेगाशी बांधणारं सेटिंग आधी काढून टाका. जनरेटरचा एकसुरी आवाज वेगळ्या फंक्शन बटणावर ठेवा. कपलिंग जोडा, गुपचूप डबे हलवा, थांबा, आणि मग बटण दाबा. बघणारा माणूस मान वर करून विचारतोच, ‘थांबल्यावर का सुरू झालं?’ तिथून खरी गोष्ट सांगता येते.

वेगही सांभाळा. आपल्याकडे शंटिंगची मर्यादा ताशी १५ किलोमीटर. १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ते सेकंदाला ५ सेंटीमीटरही भरत नाही. इतक्या हळू चालणारं मॉडेल सांध्यावर अडतं, आणि आपल्या उन्हाळ्यातली धूळ रुळांवर बसली की विचारूच नका. रूळ स्पिरिटने पुसा, पण थोडी वीज साठवून ठेवणारे सुपरकपॅसिटरही बसवा. एक साधारण २.७ व्होल्टचा असतो, म्हणून रुळांच्या व्होल्टेजला पुरायला पाच-सहा एकापुढे एक जोडावे लागतात. भरताना करंट आवरायला एक रेझिस्टर आणि परत सोडायला डायोड. रुळातून वीज तुटली तरी इंजिन साठवलेल्या विजेवर सांधा ओलांडतं. खऱ्या इंजिनात जिथे बॅटऱ्या असतात त्याच लांबट कप्प्यात हे कपॅसिटर मावतात, याचा मला फार आनंद होतो. तुमचं मॉडेल तेव्हा आतूनही हायब्रीड झालेलं असतं.

ज्यांना आपलंच डब्ल्यूडीएस-६ हायब्रीड करून बघायचंय, त्यांनी आधी रुळांचं माप ठरवावं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ ला तो १९ मिलिमीटरच्या वर जातो, आणि बाजारात मिळतात ते रूळ १६.५ चे. ते रूळ वापरायचे तर इंजिन साधारण १:१०० ला करा, प्रमाण बरोबर बसेल. इंजिनाच्या लांब खोलीत छोटा जनरेटर एका टोकाला, बाकी जागेत बॅटऱ्या आणि त्यांना वारा लागेल अशा जाळ्या. धुराडं मात्र मूळचं ठेवू नका, एवढ्याशा जनरेटरला ते शोभणार नाही.