पणजीत खायचे, पण किती वाजता?

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत आलेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, "इथे चांगले खायला कुठे मिळते?" प्रश्न रास्त, पण अर्धा. पणजीत 'कुठे'च्या आधी 'किती वाजता' हे विचारावे लागते. सकाळी सातला हातात धरवत नाही इतकी गरम असलेली पोई, म्हणजे इथला चपटा पाव, अकरापर्यंत चिवट होते. ज्या भाजीसाठी माणसे हॉटेलच्या दारात उभी असतात, तिचे पातेले नाश्त्याची वेळ टळली की खरवडून निघते. दुपारी रस-ऑम्लेट शोधत फिरलात तर गाडाच जागेवर नसतो. विजेच्या सायकलींवरून पाहुण्यांना पणजीत खायला घेऊन फिरणे हा माझा अलीकडचा उद्योग. पत्ते काय, आता कोणालाही फोनवर सापडतात. आमचे खरे काम वेळा सांभाळण्याचे.

आधी सायकलीबद्दल थोडे बोलते, कारण पुष्कळांना वाटते की ही लहान स्कूटर आहे. तसे नाही. पेडल मारले की मोटर जोर देते, पाय थांबले की तीही थांबते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असेल, तर नोंदणी लागत नाही आणि लायसन्सही लागत नाही. खाण्याच्या फेरीत पंचवीसचा वेग गाठतो कोण म्हणा! सायकलीने धावावे म्हणून मोटर नसतेच. पोट भरलेले असताना, गोव्याच्या दमट हवेत, अल्तिनो टेकडीचा चढ चढता यावा म्हणून ती असते. एक सूचना मात्र पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत देते: ही सायकल वीस किलोच्या वर असते, ती उचलून फूटपाथवर ठेवायला जाऊ नका. ढकला.

आता शहर. पणजी १८४३ साली गोव्याची राजधानी झाली, पण राजधानीचा विस्तार तिला कधी आलाच नाही. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत चाळीस हजारांच्या आसपास माणसे होती. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी आणि मधोमध अल्तिनोची टेकडी. म्हणजे काहीही काहीपासून लांब नाही. चालायला गेलात तर उन्हाने जीव जातो, गाडी नेलीत तर पार्किंगमध्ये भाजी संपते. या शहराला सायकलच बरी, आणि हे शोधून काढण्याचे श्रेय आमच्यासारख्या फेऱ्या काढणाऱ्यांना अजिबात नाही. सायकलीवरून पाव विकणाऱ्या पोदेराला ते कधीपासून माहीत आहे.

फेरी निघते सकाळी सातच्या आत, मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाजवळून. ही वास्तू मूळची आदिलशाही महालाची. शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेला आणि युरोपात संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला हा धर्मगुरू. पुतळ्याचे फोटो परतताना काढा, असे मी सांगते. पाव थांबत नाही.

तिथून नदी सोडून खाडीच्या कडेने मळा आणि फोंताइन्हास या जुन्या वस्त्यांत. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, लाल कौले, रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे माडांची बाग होती. आज ही वस्ती छायाचित्रांमुळे इतकी प्रसिद्ध झाली आहे की घराघरांवर 'फोटो काढू नका' असे फलक लागले. ते योग्यच आहे. सकाळी सातला आपल्या उंबऱ्यावर कोणी लग्नाआधीचे शूटिंग करू लागले तर तुम्ही-आम्ही काय केले असते? आमच्या फेरीत या गल्ल्यांतून घंटी न वाजवता, एकामागे एक जायचे आणि थांबायचे ते बेकरीशीच.

इथे मी वेळ घेते. पाव गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी तो करायला शिकवला असे सांगतात. यीस्ट नव्हते तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली जायची. तिची किंचित आंबूस चव जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे आणि आजच्या पावाला ते त्यावरूनच नावे ठेवतात. सूर काढणारे रेंदेर कमी झाले, यीस्टची पुडी सोपी पडली. लाकडावरच्या भट्ट्या मात्र काही ठिकाणी आहेत. भट्टीचे तोंड उघडते, लांब फळीवरून पाव बाहेर येतात आणि तिथेच वाटण्या होतात. पोई चपटी, आतून पोकळ, वर गव्हाचा कोंडा लावलेली. उंडो गोल, जाड सालीचा. कातऱ्याचा पाव कात्रीने कोपरे पाडलेला. कांकण म्हणजे कडक वळे, चहात बुडवायचे. पाहुण्यांना मी आधी कोरी पोई खायला लावते. लोणी नाही, चहा नाही. मुंबई-पुण्याची मंडळी इथे हमखास विचारतात, "नुसतीच?" नुसतीच. पहिल्या घासाला तिला सोबत लागत नाही.

आणि मग पोदेर निघतात. मागच्या बाजूला मोठी टोपली, वर निळे प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पूर्वी पोदेर हातात घुंगरांची काठी घेऊन चालत यायचा, पुढे सायकल आली. आमच्या सायकलींना बॅटरी आहे, त्याच्या सायकलीला नाही, आणि चढावर तो आमच्या पाहुण्यांना मागे टाकून जातो हे मी स्वतः पाहिले आहे. भोंगा ऐकून बाई दारात येते, पैसे देते, पाव घेते, आणि कपभर चहा निवायच्या आत व्यवहार संपतो. खाणे वेळेवर घरी पोहोचवण्याची ही सोय फोनवरच्या ॲपांच्या कितीतरी आधीची.

पोई पोटात गेली की अल्तिनो. इथे मोटरचे पैसे वसूल होतात. चढावर मदतीची पातळी एक घर वाढवायची, पाय संथ ठेवायचे. दोन्ही बाजूंना झाडी, जुने बंगले, बिशप पॅलेस, आणि हो, आपले आकाशवाणीचे पणजी केंद्र, जिथून हे भाषण तुम्ही ऐकता आहात. १९४६ साली 'एमिसोरा द गोवा' या नावाने पणजीचा रेडिओ सुरू झाला. पाहुण्यांना ही इमारत दाखवली की ते नम्रपणे मान डोलावतात आणि विचारतात, पुढचे खाणे कुठे? मी रागावत नाही.

पुढचे खाणे उतारावर. ब्रेक दोन्ही हातांनी लावत खाली चर्चच्या चौकात यायचे. पांढरे चर्च, नागमोडी पायऱ्या. ८ डिसेंबरला इथे फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असते, तेव्हा आले-गुळाचे खाजे विकणारे रांगेने बसतात; तेच विक्रेते पुढे देवळांच्या जत्रांनाही भेटतात. समोर बाग आहे गार्सिया द ओर्ता याच्या नावाची. सोळाव्या शतकातला हा वैद्य. इथल्या औषधी वनस्पती आणि फळांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात आंबा-नारळाचीही चर्चा आहे. खाण्याच्या फेरीत या माणसाला सलाम न करता जाणे बरे नव्हे.

आसपास भाजीची हॉटेले. भोसले, ताटो, कॅफे रियाल ही नावे पणजीकराला सांगावी लागत नाहीत. महाराष्ट्रातून आलेल्यांना मात्र एक सांगावे लागते: इथली पाव-भाजी म्हणजे तव्यावर लोण्यात चेचलेली ती नव्हे. पातळ भाजी म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातले वाटाणे किंवा चवळीच्या जातीचे अळसांदे. सुकी म्हणजे बटाट्याची. दोन्ही एका बशीत हवी असेल तर 'मिक्स' म्हणायचे. सोबत पाव किंवा पुरी, आणि शेवटी बन्स. हा पिकलेली केळी आणि जिरे घालून मळलेला, तळलेला, किंचित गोड प्रकार. पावसाळ्यात अळमी आली, म्हणजे रानातली वारुळाची अळंबी, तर तिची भाजी आधी मागा. ती महाग असते आणि संपते. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचे, खाऊन झाले की उठायचे. मागे उभ्या असलेल्या माणसाची भूकही आपल्याइतकीच खरी असते.

एक गोष्ट इथेच बोलून टाकते. अशा फेऱ्यांना पाहुणे जे पैसे मोजतात त्यांतले फार थोडे या हॉटेलांत जातात. मग वर 'चव घ्यायला थोडेसे द्या' म्हणत एका बशीत सहा चमचे घालणे मला आवडत नाही. सहा माणसे असतील तर सहा बशा, पूर्ण भावाने. आणि सहाच्या वर माणसे न्यायचीच नाहीत. बारा हेल्मेटे एकदम आत शिरली की रोजच्या गिऱ्हाइकाला जागा राहत नाही. बाकी कोणी काहीही करो.

नऊनंतर बाजार. मासळीच्या भागात इसवण, बांगडे, पेडवे, माणके, सुंगटे, तिसऱ्या, शिनाणे. विकणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांच्याशी घासाघीस करायची असेल तर कोंकणीतून करा, नाहीतर करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फेरीला येणारे नाराज होतात, पण माझ्या मते बाजार तेव्हा जास्त बोलका असतो: नदी-खाडीची मासळी, शिंपल्या आणि सुके. मे महिन्यात घराघरांतून पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी होते. सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोले, चिंच, मिरच्या. वरच्या बाजूला टांगलेल्या चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा, बाटल्यांतून माडाचे विनागर, माडाचा काळा गूळ, आगशीची वांगी. सायकलीला पुढे टोपली असते ती याचसाठी. मासळी मात्र घेऊ नका, पुढे ऊन आहे.

बाजारातून कांपालला पाच मिनिटे. नदीकाठची मोठी झाडे, चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी, पुढे मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी. वारा चांगला, रस्ता सपाट, मोटर बंद ठेवा. नदीत नांगरलेल्या कॅसिनोंविषयी पाहुणे विचारतात; तिथे मिळणाऱ्या जेवणाला वेळेचे बंधन नसते, एवढेच मी सांगते.

साडेबाराला जेवण. उकड्या तांदळाचे शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, रव्यात तळलेला मासा, सुक्या मासळीचे किसमूर, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तिरफळ असते. ते चावायचे नसते. हे न सांगितल्यामुळे बाहेरगावच्या माणसाची जीभ बधिर झालेली पाहायला सोबतच्या गोवेकरांना फार आवडते, म्हणून मी मुद्दाम आधीच सांगते. मासे न खाणाऱ्यांसाठी भाज्यांचे खतखते आणि मसालेदार रश्शाचे तोणाक विचारावे.

दीडनंतर पणजी दारे लावून घेते. चार वाजेपर्यंत काही बघायचे नाही, काही विकत घ्यायचे नाही. सायकली चार्जिंगला, माणसे पंख्याखाली. काही कंपन्या नेमक्या याच वेळात 'दुपारची फेरी' विकतात. ज्यांना बंद दुकानांच्या पाट्या वाचायच्या असतील त्यांनी ती जरूर घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये काहींना या मधल्या वेळात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडाची दारू, सुचतो. सुचू द्या, पण मग संध्याकाळी सायकल मिळणार नाही.

साडेचारला चहा आणि बिबिंक, म्हणजे थरांची गोड मिठाई. १९२२ हे साल नावातच मिरवणारी 'मिस्टर बेकर' शहरात आहे, तिथे किंवा फोंताइन्हासच्या बेकरीत. अंड्याचे बलक, नारळाचे दूध, साखर, तूप, मैदा. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो भाजला की पुढचा. पूर्वी मडक्यावर झाकण ठेवून त्यात निखारे घालत. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि नुसता केक होतो. गोव्याच्या बिबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता विमानतळावर डबाबंदही मिळतो; तो डबा भेट द्यायला ठीक.

ज्यांच्या पायात अजून दम असेल त्यांना मी रायबंदरच्या बांधाने नेते. १६३३-३४ साली व्हाइसरॉय काउंट लिन्यारेसच्या काळात बांधलेला हा तीनेक किलोमीटरचा रस्ता अजून वापरात आहे. कडेला खारफुटी आणि मिठागरे. पुढे फेरीबोट दिवाडी बेटावर नेते, सायकलीसकट. पण दिवाडी हे वेगळ्या दिवसाचे काम आहे. एका दिवसात दोन्ही उरकायचे म्हटले तर सात वाजले तरी आपण अजून धक्क्यावरच.

आणि सातला गाड्यावर असायला हवे. रस-ऑम्लेट म्हणजे कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेले ऑम्लेट, त्यावर शागुतीचा, म्हणजे खोबरे-मसाल्याच्या कालवणाचा, गरम रस, वर चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि पाव. रस चिकनचा की चण्याचा यावरून आमच्याकडे घराघरांत वाद आहेत. मी चिकनवाली. गाडेवाल्याला विचारलेत तर तो म्हणतो, दोन्ही खा. पाव मात्र इथेही पोदेराचाच, संध्याकाळच्या भट्टीचा. त्यामुळे तो आला नसेल तर ऑम्लेट तव्यावर टाकू देऊ नका.

नमस्कार.