तार वितळण्याआधी

[तापकीर गल्ली, सकाळ. काउंटरवर फ्यूजची तार, चिनी मातीचे किटकॅट.]

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. पुण्यात ज्यानं स्वतःच्या हातानं घरचं वायरिंग केलंय, तो कधी ना कधी इथं येऊन गेलाय. हा किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज, इथं अजूनही मिळतो. आत एक बारीक तार. घरात शॉर्ट झालं की ती वितळते, फ्यूज उडतो, बाकीचं घर वाचतं. मग टॉर्च शोधायची आणि नवी तार बांधायची.

[भोसरी, शेडच्या आत. टेबलावर उभा कापलेला फ्यूज, अगदी जवळून.]

भोसरीच्या या शेडमध्ये सर्व्हरच्या बोर्डांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्यूज घडवतात. पण आधी हा बघा, किटकॅटच्याच जातीचा, पण थोरला. डीसीसाठी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेसाठी बनवलेला फ्यूज, उडाल्यानंतर उभा कापलेला. आत वाळू भरलेली असते. मधोमध बघा, वाळू वितळून काचेसारखी एकजीव झालीय. धातूची पट्टी वितळली, तिच्या जागी आर्क, म्हणजे विजेची धगधगती ठिणगी, पेटला, आणि त्याची उष्णता या वाळूनं अंगावर घेतली. घरच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेत प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तिथं आर्क विझायला वाव मिळतो. डीसीत असं शून्य येतच नाही. आर्क ओढून, थंड करून विझवावा लागतो.

आणि सर्व्हरच्या रॅकमध्ये, म्हणजे डेटा सेंटरमधल्या संगणकांच्या कपाटात, आता डीसी येतोय तो 800 व्होल्टचा.

[रॅकच्या मागची बाजू, बसबार, म्हणजे वीज वाहून नेणारी तांब्याची जाड पट्टी.]

आधी रॅकमध्ये 12 व्होल्ट फिरायचे, मग 48, 54. पण एआयच्या एका रॅकला एक मेगावॅट द्यायचं म्हटलं, तर 54 व्होल्टवर साडेअठरा हजार अँपिअर वाहायला हवेत. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या हिशेबानं त्या एका रॅकला 200 किलोपर्यंत तांबं लागेल. तेवढीच वीज 800 व्होल्टवर नेली की प्रवाह उरतो 1250 अँपिअर. म्हणून 2025 साली त्या कंपनीनं 800 व्होल्ट डीसीची रचना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट, मेटा आणि गूगल यांनीही अधिक-उणे 400 व्होल्टचा, म्हणजे दोन तारांमध्ये मिळून 800 चाच मार्ग धरलाय.

पुण्याला मोठी यंत्रं नवी नाहीत. 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक इथं, सी-डॅक या सरकारी संस्थेत उभा राहिला. हवामानासाठीचे प्रत्यूष आणि अर्क हे महासंगणक पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत बसवले गेले. पण आपण या टेबलापाशीच थांबू.

[हात. हिरवा बोर्ड शेल्फमध्ये सरकतोय. कनेक्टरच्या पिना, संथ गतीत.]

रॅक बंद ठेवता येत नाही. बिघडलेलं कार्ड चालू विजेत काढायचं, नवं चालू विजेतच घालायचं. या पिना बघा, सगळ्यांची लांबी सारखी नाही. अर्थची पिन सर्वांत लांब, ती आधी टेकते. ही आखूड पिन सर्वांत शेवटी. ती टेकल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक फ्यूज वीज आत सोडत नाही. कार्ड ओढताना हीच पिन आधी सुटते, म्हणजे मोठ्या पिना अलग होण्याआधीच प्रवाह थांबलेला असतो. नाहीतर प्रत्येक वेळी त्या पिनांवर आर्क पेटला असता.

आता कार्ड आत आहे, त्यावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, रिकामे आहेत. समजा ते 1000 मायक्रोफॅरडचे आहेत. 48 व्होल्टवर ते भरायला एक ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. 800 व्होल्टवर 320 ज्यूल लागतात. एक किलोचं वजन दहा मजल्यांवरून सोडावं, तेवढी. आणि कपॅसिटरमध्ये जेवढी साठते, साधारण तेवढीच ऊर्जा वाटेतल्या मॉसफेटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्यूजमधल्या स्विचच्या चिपमध्ये, उष्णता होऊन जाते. नखाएवढ्या चिपला ती सोसायचीय. एक अँपिअरनं भरायला घेतलं, तर पहिल्या क्षणी त्या चिपवर 800 वॉट. म्हणून त्या चिपचं दार, गेट, हळूहळू उघडतात. स्कोपवरची, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावरची ही चढती रेघ इतकी शांत दिसते ना, ती शांत दिसावी यासाठी इथले तिघे कित्येक आठवडे बसलेत.

[शॉर्ट सर्किटची चाचणी. ॲक्रिलिकच्या पडद्यामागं बोर्ड.]

"मॅडम, सोडू का?"

"थांब. सगळ्यांचे हात बाहेर? दादा, चष्मा घाला. हं, सोड."

[स्कोपचा पडदा. आवाज नाही.]

एवढंच झालं. ना धूर, ना स्फोट. तारांचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा अडसर, इथं दोन मायक्रोहेन्री आहे, म्हणजे शॉर्ट झाल्याबरोबर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला 400 अँपिअरनं चढतो. साधा फ्यूज अजून तापायला लागलेला असतो. प्रवाह मोजणाऱ्या शंटवरचा मिलिव्होल्टांचा फरक कंपॅरेटर या तुलना करणाऱ्या भागानं हेरला, गेट चालवणाऱ्या ड्रायव्हरनं सिलिकॉन कार्बाइडचा मॉसफेट बंद केला. असा शॉर्ट ही चिप मोजकेच मायक्रोसेकंद सोसू शकते. त्याच्या आत निर्णय व्हायला हवा.

पण फार झटक्यानंही नाही. 400 अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडले, तर तीच तार आणखी 800 व्होल्ट उभे करते. एकूण 1600, आणि चिप आहे 1200 व्होल्टची. शॉर्टमधून वाचलेली चिप बंद होताना मेली असती. म्हणून गेट जरा सावकाश सोडायचा, आणि उरलेली उसळी या निळ्या चकतीनं, व्हॅरिस्टरनं पोटात घ्यायची.

शेजारी तो वाळूचा फ्यूजही आहेच. मॉसफेट मरतो तो बहुधा शॉर्ट होऊन, प्रवाहाला वाट मोकळी करून. अशा वेळी पाठीशी उभा राहतो तो जुना फ्यूजच.

ही साखळी तुटली तर कार्ड जळतं, रॅकही पेटू शकतो, समोरचा तंत्रज्ञ भाजतो.

[बोर्डचा आराखडा, संगणकाच्या पडद्यावर.]

आणि तरी डिझाइन सुरू होतं तेव्हा या भागाला जागा मिळते ती सगळ्यांत शेवटी. प्रोसेसर बसला, मेमरी बसली, कोपऱ्यात उरलं ते संरक्षणाला. या शेडमध्ये उलटं करतात. पहिल्या दिवशी कोऱ्या बोर्डवर आधी हा संरक्षणाचा चौकोन आखला जातो, आणि तो कुणी सरकवायचा नाही. मला हेच दाखवायचं होतं.

[मीटर. आकडा उतरतोय.]

पुढच्या चाचणीसाठी बोर्ड बदलायचाय. मुख्य स्विच बंद आहे, पण कपॅसिटर भरलेले आहेत. रेझिस्टरमधून ते सावकाश रिकामे होताहेत. 610. 340. 150. पडद्यामागं अजून कुणी हात घातलेला नाही. 60 च्या खाली आकडा आला की मॅडम मान हलवतात, आणि दादा स्क्रू सोडवायला घेतात.