पितळीवरचं नाव

देवळालीकडे तोफ वाजली की खिडकीची तावदानं हलतात, नाशिकरोडला, भगूरला, लांब सिन्नरच्या अंगाला पण, आणि कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. सवय झालीय. ही आजी बघा, शेंगा फोडतेय, मागे दोनदा धडाम झालं, हात थांबला नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत, आर्टिलरी सेंटर नाशिकरोडला, देशभरातून भरती झालेली किती पोरं इथलं पाणी पिऊन तोफखान्यात गेली. पण आपल्याच जिल्ह्यातून तोफखान्यात गेलेली आणि परत न आलेली माणसं कोण, असं पारावर विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. आम्ही तिथूनच सुरुवात केली.

आम्ही म्हणजे दोन रिटायर्ड गनर, एक इतिहासाच्या मॅडम आणि कॅमेरा धरणारा मी.

तोफखान्याचा वाढदिवस २८ सप्टेंबर. १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्यात गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली, तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातून तोफा जवळपास काढूनच घेतल्या, डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या ठेवल्या, आणि हिंदी लोकांची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहायला थेट १९३५ साल उजाडलं. हा जुना फोटो त्या डोंगरी तोफेचा आहे, ३.७ इंची हॉवित्झर. खोलून आठ खेचरांवर लादायची, चढ चढायचा, वर जाऊन परत जोडायची. खेचर पडलं तर ओझं माणसांनी उचलायचं. आमच्यातल्या दोन गनरांपैकी एक, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते म्हणतात, पायदळाला झेंडा असतो, निशाण असतं, आमचं निशाण म्हणजे तोफच, ती सोडून मागे यायचं नसतं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लावतात ते उगाच नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यातले ८७ हजारांहून जास्त गेले. बर्मात गेलेल्या ज्यांची कबर कुठे ते माहीत नाही, त्यांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकाच्या खांबांवर कोरलीत, सुमारे २७ हजार नावं. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या रजिस्टरमध्ये घरबसल्या शोधता येतात. मॅडमनी तिथे इंडियन आर्टिलरी टाकलं, नासिक टाकलं, जुनं स्पेलिंग, आणि एक ओळ आली. गनर, सर्व्हिस नंबर, सन ऑफ अमुक, हजबंड ऑफ अमुक, ऑफ पिंपळगाव, नासिक, इंडिया.

आता पिंपळगाव कुठलं? बसवंत, निपाणी, खांब, बहुला, आपल्याकडे पिंपळगावांना तोटा आहे का. आडनाव नाही. नाव रोमनमध्ये, आणि ते तर कसंही वाचा, दादा लिहिलं तरी तेच, दाडा लिहिलं तरी तेच, बाळा आणि बाला एकच. त्या काळच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं आणि तेच पुढे दगडात कोरलं गेलं. मग काय, मोटरसायकल काढली आणि एकेक पिंपळगाव. द्राक्षाच्या बागा, छाटणीचे दिवस, माणसं कामात, तरी प्रत्येकाने बसवून चहा पाजला. तलाठ्याकडे जुने फेरफार बघितले, मारुतीच्या देवळात म्हाताऱ्यांना विचारलं, कोणी म्हणे पोलिसात गेला होता, कोणी म्हणे रेल्वेत. एका देवळामागे हा वीरगळ उभा आहे, लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, शेंदूर फासलेला. खाली लढाई, मधे अप्सरा घेऊन चालल्यात, वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. सगळं आहे, नाव नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आठशे वर्षांपूर्वी नाव राहिलं नाही ते समजू शकतो, १९४४ सालच्या माणसाचं का राहू नये?

आणि पहिल्या महायुद्धाचं तर विचारू नका, बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावंच नाहीत, रेजिमेंट आणि पुढे आकडा. कमिशनने स्वतः २०२१ साली कबूल केलं की लाखाहून जास्त माणसं, त्यातली बरीचशी पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावाने नोंदवलीच गेली नाहीत.

चौथ्या गावात या माजघरात आम्ही बसलो. गाव कुठलं ते घरच्यांच्या सांगण्यावरून सांगत नाही. फळीवरून वहिनींनी ही पितळी काढली, रोजच्या वापरातली नाही, पितृपक्षात ताट वाढायला काढतात तेवढीच. चिंचेने घासल्यावर काठाला ठिपके दिसायला लागले. जवळून बघा. भांड्यावर नाव घालतात ना, खिळ्याने ठोकून, तसं. रजेवर आला तेव्हा नाशिकच्या भांडी बाजारातून घेतली म्हणे, आईसाठी. आधी देवनागरीत त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. आणि खाली आकडे. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, खिशातला कागद उघडला आणि एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. जुळला.

त्यानंतर कमिशनला आडनावासकट दुरुस्ती पाठवली, ग्रामपंचायतीने फलक लावायचा ठराव केला, बायकोची पेन्शन मधेच कधी बंद पडली आणि ती कशी जगली ते घरच्यांनी थोडं सांगितलं, कॅमेरा बंद होता.

फलक संगमरवराचा नको असं घरच्यांचंच म्हणणं पडलं. म्हणून आम्ही नाशिकच्या तांबट आळीत आलोय. तांब्याचा पत्रा, खडूने आखलेल्या ओळी, आणि हे दादा खिळा धरून ठिपके ठोकतायत. विचारलं, नुसतं नाव घालू का बापाचं पण? काका म्हणाले, बापाचं पण, गावाचं पण, नंबर खाली घ्या.